दाजींच्या रानातली मेंढरं

दुष्काळानंतरच्या साली वैशाखातला सोमवार. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. चहा घ्या, तोवर कुंभारीच्या आमच्या दाजींचं सांगतो. पेरणीआधी रानाला खत मिळावं म्हणून त्यांनी बिरू धनगराची मेंढरं रात्रभर बसवून घेतली. बदल्यात दोन पायल्या ज्वारी. शेजारच्या शिदूशी त्यांचं बांधावरून भांडण. बिरू मेंढरं गुपचूप तिकडं नेईल, या संशयानं दाजींनी रानातच खाट टाकली, सोबतीला मला घेतलं.

उजाडलं. मेंढरं बसलेलीच, बिरू निवांत तंबाखू मळतोय. दाजी माझ्या कानाशी आले, "ह्यो का थांबलाय ठावं हाय? माज्या कडब्यावर डोळा हाय त्येचा." मग ओरडले, "बिरू, काढ मेंढरं भाईर!"

"मालक, उठल्यावर घटकाभर हितंच उभी..."

"लई शाना हाईस! कडबा खायाला व्हय?"

दाजींनी स्वतःच काठी आपटून कळप उठवला. वाट शिदूच्या रानातून जायची, तिकडंच हाकलला.

बिरू म्हणाला, "मालक, मेंढरू उठल्यावरच खरं पोट मोकळं करतंय की!"

बांधावरून शिदू दाजींना म्हणाला, "अण्णा, उद्या बी बसवा की!"

ज्वारी दाजींनी दिली. लेंड्या शिदूच्या रानात पडल्या.