पाखरं तळ्यात, पिन गोठ्यावर

...न्हाई, तुमीच सांगा! माणूस सकाळी म्हशीखाली बसलाय, गुडघ्यांत बादली धरलीय, आन् मागनं कुणीतरी म्हणतंय, "ओ काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय!" अहो, गोठा माझा, म्हैस माझी, आन् मधी मीच येतोय व्हय?

तुमाला सांगतो, ही सगळी आमच्या पुतण्याची करामत. साई. सणसवाडीला कंपनीत हाय, सुट्टीला निमोण्याला येतो आन् गावाचं भलं करून जातो! गावामागं पाझर तलाव हाय आमचा, थंडीत तिथं लांब पायाची पाखरं उतरत्यात. आमी आजवर पाखरं म्हणायचो, हा म्हणला, "हौशीआप्पा, हे टुरिझम हाय!" ड्रोन उडवला, रील केली, खाली गाणं लावलं... हितवर ठीक. पण तलावावर रेंज कुठंय? अख्ख्या शिवारात रेंज येती ती फकस्त माझ्या गोठ्यापाशी, उकिरड्याकडं तोंड करून उभं ऱ्हायलं तर! ह्यानं तिथं उभं राहून रील टाकली, फोननं विचारलं "हाच पत्ता का?" ह्यानं न बघता "व्हय" दाबलं, मॅपवरची खुणेची पिन रुतली हितंच! झालं! पाखरं तळ्यात, पिन गोठ्यावर!

नाताळच्या सुट्ट्या लागल्या आन् रोज गाड्या. पाखरं म्हणे उगवतीलाच चांगली दिसत्यात, म्हंजी बरोबर माझ्या धारेच्या टायमाला! पुण्याची एक बाई उतरली, नाकाला रुमाल लावून म्हणती, "अय्या, किती नॅचरल!" मी म्हणलं, ताई, तलाव पल्याड हाय, दीड किलोमीटर. तर म्हणती, "नाही हो काका, मॅप इथंच दाखवतोय." म्हंजी साठ वर्षं हितं ऱ्हाणारा मी खोटा, आन् मोबाईल खरा! आन् हितं माझी धार खोळंबलीय!

म्हैस म्हंजी काय नळ हाय व्हय, फिरवला की चालू? तानी आमची नुकतीच व्यालेली, त्यात बुजरी. परकं माणूस दिसलं की पान्हा चोरती. डोक्यावर कुणाचा तरी ड्रोन घोंगावला तवा तर एक लाथ बादलीला, एक मला! कास दगडासारखी टणक झालेली. एखादा सड बाद झाला म्हंजी? आन् साईच्या कंपनीतली पोरं आलेली, ती म्हणत्यात, "चाचा, इसको बोलो ना, इधर देखे!" मी बोलू? माझं घरात बायको ऐकत न्हाई!

आन् बायकोचं तर इचारूच नका. गिताबाई! दारात आलेल्याला चहा पाजल्याबिगर सोडायचं न्हाई, ही घरची रीत. पण दूध? तानी देईना, मग कोराच चहा! तर एकानं मोबाईलवर लिवलं, "ठिकाण छान, पण चहात दूध नाही. दोन स्टार." अरं बाबा, तू हितनं हाल, मंग दूध निघंल! आन् हितं माझी धार खोळंबलीय!

साईला फोन केला, तर म्हणतो, "आप्पा, चार लाख लोकांनी बघितलंय!" मी म्हणलं, चार लाखांत एकानं तरी वैरणीची पेंढी उचलली का रं? लई हातापाया पडलो, तवा कुठं महिन्याभरानं त्यानं पिन उचलून तळ्यावर नेली.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात चिटपाखरू न्हाई. मी खुशीत बादली घेऊन बसलो... चुचकारलं, पेंड घातली, रेडकू लावलं... थेंब न्हाई! तानी आपली रस्त्याकडं मान वळवून उभी. शेवटचे आठ-पंधरा दिवस बुजायची थांबून चांगली दूध द्यायला लागली होती, मला वाटलं पेंडीचा गुण! कसला गुण? कुणी मान खाजवतंय, कुणी बिस्कीट चारतंय, कुणी गळ्यात हात टाकून फोटो काढतंय... चटक लागली हो बयेला!

आता काय करता? हसू नका. रोज सकाळी साईचा काळा गॉगल लावतो, बिस्कीट चारतो, तानीच्या गळ्यात हात टाकतो, गिताबाई समोर मोबाईल धरून म्हणती, "हसा की वो जरा!"... मी हसतो, मंग म्हैस पान्हा सोडती.

साई म्हणत होता, गावात एक तरी कायमचा पर्यटक पायजे. घ्या, झाला की!