अ‍ॅम्प्लिफायरवरचं विरजण

पुढील कथन मी बुधवार, ११ जानेवारी १९९५ रोजी दुपारी ऐकले. सांगणाऱ्या श्रीमती उषा शरच्चंद्र दिवेकर. स्थळ उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकाच्या मागच्या गल्लीतील त्यांच्या घराची वरची खोली. मी त्या वेळी अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ती खोली भाड्याने घेण्याच्या विचाराने गेलो होतो. बाईंचे यजमान बँकेत होते. खोलीत खांद्याइतके उंच दोन स्पीकर, एक टर्नटेबल, काचेच्या वाल्वचा एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि समोर एकच खुर्ची होती. माझे बोलणे मोजकेच होते. ते गाळले आहे. बाईंची भाषा शक्यतो जशीच्या तशी ठेवली आहे, आणि जिथे स्मरण अपुरे पडले तिथे पदरचे काही घातलेले नाही.

— आणि माकडांचं सांगायचं राहिलंच. रोज येतात, अगदी ठरल्यासारखी, मागच्या पिंपळावरून सरळ या गच्चीवर, आणि विद्यार्थ्यांची पुस्तकं त्यांना फार आवडतात — म्हणजे आवडत असणार, आमच्याकडे विद्यार्थी कधी राहिलाच नाही, पण अंदाज येतो ना माणसाला. पाणी? पाणी येतं की. खाली येतं. वर बादलीनं आणायचं. उन्हाळ्यात ही खोली म्हणजे भट्टी, पावसाळ्यात त्या कोपऱ्यातून टपकते, आणि आत्ता थंडीत — आत्ता बरी आहे, खोटं कशाला बोलू. बसा ना. नाही, त्या खुर्चीत नको — हो, एकच आहे, पण त्या खुर्चीत नको, तिकडे ट्रंकेवर — थांबा, ट्रंकेवरही नको, तिथे तबलेवाले बसतात. तुम्ही असं करा, उभेच राहा.

खंडव्याचे ना तुम्ही? सुहास म्हणालात नाव. खंडव्याची माणसं सरळ असतात, म्हणून सरळच सांगते, याआधी दोघे येऊन गेले. एक विम्याचा होता, त्याला म्हटलं वर उंदीर आहेत, तर म्हणतो मी मांजर पाळीन. आता अशा माणसाला काय करायचं? म्हटलं, या खोलीत आमच्या सासूबाई गेल्या. उठला बिचारा, चहाही न घेता. दुसऱ्याला मग सुरुवातच सासूबाईंपासून केली. सासूबाई धारला आहेत, दिरांकडे, एकदम मजेत, रोज दोन वेळा फिरायला जातात. तुम्हाला नाही सांगितलं, कारण तुम्ही धारला पत्र टाकून विचाराल असं वाटलं मला.

या अलमाऱ्या? अलमाऱ्या नाहीत हो त्या, स्पीकर आहेत. सगळे असंच म्हणतात, मीपण तेच म्हटलं होतं. ब्याण्णव साल — तेव्हा यांच्या ब्रँचमध्ये सगळ्यांना एकदम काय झालं कोण जाणे, जो तो काहीतरी घेतोय, कोणाकडे रंगीत टीव्ही, कोणाकडे कपडे धुवायचं मशीन, पेपरात पान पान जाहिराती — आणि हे मला म्हणाले, उषा, रविवारी आपल्याकडेपण मोठी वस्तू येतेय. मोठी म्हणजे केवढी? तर म्हणाले, तुझ्या खांद्याएवढी. मी काय समजणार? फ्रिज. सगळी गल्ली फ्रिज समजली. मी हळदकुंकवाचं ताट केलं, नारळ आणला, नवी साडी नेसले, शेजारची दुर्गा बर्फ मागायला वाटी घेऊनच उभी — आणि गल्लीत दोन ठेले शिरले. दुर्गा म्हणते, अगं बाई, दोन दोन फ्रिज. गोधड्यांत गुंडाळलेले. काढून बघतो तर ही धुडं. एक मिल बंद पडली होती, तिच्या मॅनेजरच्या बंगल्यातलं सामान निघालं, विलायतेहून आणलेलं, माझ्या लग्नाच्याही आधीचं, तिथनं हे उचलून आले. ठेलेवाले उभे, गल्ली उभी, मी ताट घेऊन उभी. काय करणार? कुंकू लावलं. ते बघा, डावीकडच्या अजून आहे, पुसलं जात नाही, लाकडात मुरलंय. नारळ मात्र नाही फोडला मी. नारळ म्हटलं फ्रिजचा.

तेव्हापासून मी म्हणते, घरात दोन जावा आल्या. ही थोरली, ही धाकटी. कामाला हात लावायचा नाही, जागा अर्धी खोली, आणि घरातला पुरुष उठता बसता यांचंच कौतुक करतो. बँकेतून आले की वर. रविवारी तर सकाळपासून वर. आणि ऐकायची पद्धत काय — खुर्ची बरोबर मध्ये, तो फरशीवर खडू दिसतो ना, त्याच्यावरच, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. मी एकदा बटाटे किती आणू विचारायला आले तर हात असा वर केला — असा — जणू काय आत आरती चाललीय. बरं म्हटलं. मग मीपण सुरू केलं. जेवताना म्हणायचं, झोपताना म्हणायचं, पाहुण्यांसमोर तर जरूर म्हणायचं, काढा त्या अलमाऱ्या, काढा. लोक जेवणावर बडीशेप खातात ना, तसं. तीन वर्षं.

आणि आता काय झालं ते ऐका. गेल्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस होता आमचा. हे म्हणाले, उषा, तुझंच बरोबर होतं, मी तुझी फार गैरसोय केली. इंदूरचं एक गिऱ्हाईक मिळालंय, खोलीला कोणी चांगला मुलगा मिळाला की त्याला कळवतो, लगेच टेम्पो घेऊन येतो म्हणतो, सगळं उचलून नेणार. घरात जागही राहील, जागाही मोकळी. आणि हसले. भेट म्हणून, कळलं ना तुम्हाला — लोक साडी देतात, अंगठी देतात, यांनी ही भेट दिली. मी काय बोलणार? म्हटलं, फार छान केलंत. आणि खाली जाऊन कणीक मळत बसले, तर इतकी मळली की तिचा रबर झाला.

का म्हणजे? खूश व्हायला हवं होतं मी? तिकडे काय बघता? शाल आहे ती. शालीत? शालीत पातेलं आहे.

दही खाता का तुम्ही? धारचं दही खाल्लंय कधी? सासूबाई लावतात ते सुरीनं कापावं असं. माझं थंडीत लागायचंच नाही, नुसतं गुळमुळीत, आणि हे लग्नापासून काही म्हणत नाहीत, फक्त वाटी बाजूला सरकवतात. दोन वर्षांमागे, थंडीच होती, मी इथे झाडू मारायला आले तर हे घाईत हा काचेच्या बल्बांचा डबा चालूच ठेवून गेलेले. वरच्या जाळीला हात लावला तर ऊबदार — कढत नाही, ताज्या पोळ्यांचा डबा असतो ना, अगदी तसा. माझ्या डोक्यात काय येणार? विरजणच येणार. पातेलं आणलं, वर ठेवलं, शाल गुंडाळली. संध्याकाळी पानावर यांनी वाटी चाटूनपुसून संपवली. मग म्हणतात, आई आलीय का? म्हटलं, नाही, मीच आहे.

मग रोज हे गेले की मी बटण लावायला लागले. दह्यासाठी हं, फक्त दह्यासाठी. पण हा नुसता चालू असला ना की बारीक गुणगुणतो, आणि मला वाटायला लागलं, बिचाऱ्याला रिकामाच जागवतेय मी, एखादी तबकडी लावली तर कुठे बिघडलं? कशी लावायची ते येता जाता पाहिलेलंच. सुई ठेवली. आधी चुरचुर, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखी — आणि सुहास, एक बाई आली. आली म्हणजे इथे. या दोघी जावांच्या मध्ये, जिथे काही नाही, नुसती भिंत, तिथे येऊन उभी राहिली आणि गायच्या आधी तिनं श्वास घेतला. मी पदर सावरला. खरंच सावरला, हसू नकोस. म्हटलं, कोण आहे? खालचं दार उघडं राहिलं का? मागे जाऊन बघितलं तर वायरी आणि यांचा एक हरवलेला मोजा. पुढे आले तर ही परत तिथेच. आणि तबला त्या ट्रंकेवरून येतो. दुर्गा म्हणाली, अगं, गाद्या रचल्यायत ट्रंकेवर, तो माणूस नीट बसणार कसा? म्हणून दोघींनी मिळून गाद्या खाली नेल्या. तेव्हापासून ठेका मोकळा लागतो — तुला काय हसायला झालं, तू ऐकलंस कुठे?

हो, दुर्गापण येते. तिला एकाच कानानं ऐकू येतं, तरी मधली खुर्ची पाहिजे. म्हटलं, दुर्गे, तुला एका कानाला मध्य काय आणि कड काय? तर म्हणते, बसते तर मी पूर्ण ना — माफ कर हं, ती याहून वाईट बोलली होती. मग वाटून घेतलं, तबकडीची पहिली बाजू तिची, दुसरी माझी. मटार आणतो सोलायला. पण बाई वरच्या सुराकडे निघाली की दाणा हातातच राहतो, ती खाली उतरेस्तोवर कोणी टाकायचा नाही असं आपोआपच झालंय. परवा संध्याकाळी मटार-उसळ करायची होती, तर पोह्यांत घालायला पुरतील एवढेच निघाले. यांनी वर शेव घालून खाल्ले पोहे.

आणि त्या हिरव्या खोक्यातली आहे ना तबकडी, तिच्यात बाईनं एक जागा अशी घेतलीय, अशी वाकडी, अवघड — आणि ती साधली की मागे कोणीतरी हसतं. बारीक. वाहवा नाही, नुसतं हसू फुटतं ना आनंदानं, तसं. साथीला बसलेलं कोणी असेल, तिची मुलगी असेल. दुर्गाला नाही ऐकू येत, तिचा कान त्या बाजूचा नाही. मला येतं. मला रोज वाटतं यांना विचारावं, अहो, तुम्ही ऐकलंय का ते? इतकी वर्षं ऐकतायत, ऐकलं असणारच. पण विचारलं तर म्हणतील, तुला कसं ठाऊक? आता बघ, दोन माणसं एका घरात एकाच बाईला ऐकतात, एक दुपारी, एक संध्याकाळी, आणि जेवायला बसलं की बोलतात काय, तर बटाटे.

नाही, मी नाही सांगू शकत. कुठल्या तोंडानं सांगू? अख्ख्या फ्रीगंजात मी बोललेय, यांच्या साहेबांच्या बायकोसमोर बोललेय. आता म्हणू, नका नेऊ, मला हव्यात? म्हणून तू सांग. जाताना बँकेत जा, यांना म्हण, खोली आवडली नाही, ओल आहे. माकडांचं नको सांगू, माकडं येत नाहीत इकडे. तू नाही म्हणालास की तिसरा गेला, मग परीक्षा येतील, पोरं खोल्या बदलत नाहीत, उन्हाळा निघेल, आणि इंदूरचं ते गिऱ्हाईक किती थांबणार आहे?

संशय? यांना? छे. मी काय कच्ची आहे का? सुई जिथल्या तिथे, खुर्ची खडूवर, तबकडी खोक्यात, मटाराचं सालसुद्धा सापडणार नाही कोणाला. पातेलं यांची स्कूटर वाजली की मगच उचलते, तोवर लागू देते नीट. हे येतात, पाणी पितात, सरळ वर, आणि सगळ्यात आधी या जाळीवर हात ठेवतात. असा. बटण लावायच्या आधी. रोज. सवय आहे ती, मी जिन्यातून बघते ना, तळवा ठेवून उभेच राहतात थोडा वेळ, आणि मग आपल्याशीच हसून खाली विचारतात, उषा, आज दही आहे ना? दह्याची फार आवड झालीय आता. आणि हा काय, बंद केला तरी लगेच थोडाच —

काय म्हणालास?

हो. गरमच असतो.

दोन वर्षं.

दही आहे ना, म्हणे. लबाड माणूस. आणि मी इथे सासूबाईंना मारून मोकळी झाले.

थांब, तू बँकेत जाऊ नकोस. काही सांगू नकोस, ओल नाही आणि काही नाही. खोली द्यायची नाहीये. खाली स्वयंपाकघरात वेताची खुर्ची आहे, तेवढी वर आणून देशील? — हां, इथे. त्या खुर्चीच्या शेजारी. खडू राहू दे, खडूचं मी बघते. दोघींच्या मधोमध दोघं कसे बसतील ते मी बघते. आता जा तू. जा, बाळा, आणि खालचं दार ओढून घे.

इथे बाईंचे बोलणे संपले. मी जिना उतरत असताना त्या वर एकट्याच हसत होत्या, आणि दार ओढून घेईपर्यंत ते हसणे थांबलेले नव्हते. पुढे मी देवास गेटजवळ खोली घेतली. फेब्रुवारीत टावर चौकात दुर्गाबाई भेटल्या. स्पीकर जागेवरच आहेत, पण संध्याकाळी नवरा-बायको दोघेच ऐकतात आणि आपल्याला फक्त दुपारीच बोलावतात, अशी त्यांची तक्रार होती. एवढे माझ्या खात्रीचे आहे. त्यानंतर इंदुरात माझे वर्षभर वास्तव्य होते, आणि तेथे जुने रेकॉर्ड-प्लेअर व स्पीकर घेणाऱ्या जितक्या दुकानदारांचा पत्ता लागला तितक्यांकडे मी चौकशी केली. उज्जैनच्या दिवेकरांचे नाव त्यांपैकी कोणीही ऐकलेले नव्हते. अर्थात सगळेच मला सापडले असतील असे नाही; त्यामुळे ते गिऱ्हाईक कधी होते की नव्हते, हे मला अखेरपर्यंत पडताळता आले नाही.