उरलेल्या गोळ्यांचा डबा

रोह्याच्या एका दवाखान्यात आयसीयूबाहेरच्या बाकावर दामोदर बसला होता. सासऱ्यांचा रिपोर्ट येईपर्यंत कुणाची फिरकी घ्यावी म्हणून त्याने कान टवकारले. शेजारी खांब गावची मालू आणि त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करणारी तिची पुतणी नूतन. मालूचा नवरा केरू आत होता.

"एवढासा विळा लागला गो पायाला. त्याला कुणी आयसीयूत टाकतं?"

"काकी, जंतू रक्तात गेलेत. कुठलंच औषध लागू पडत नाय. आधीच्या गोळ्या पुऱ्या दिल्या होत्यास?"

"पाच दिवसांच्या होत्या. दोन दिवसात बरं वाटलं, मंग उरलेल्या डब्यात टाकल्या. दरवेळी टाकते. आख्खी आळी माझ्याच डब्यातनं गोळ्या नेते."

"म्हणून तर जंतू सरावलेत त्यांना!"

"मंग आता?"

"आता एकच इंजेक्शन राहिलंय. ते जंतूच्या पापुद्र्याला भोकं पाडतं. आतलं सगळं बाहेर वाहून जातं नि जंतू मरतो."

"खेकडे बांध पोखरतात नि खाचर रिकामं होतं, तसं?"

"व्हय, तस्संच. पण त्याने किडनीला पण मार बसतो. आणि हे लागू पडलं नाय, तर पुढे काय नाय."

दामोदरच्या ओठावर आलेला विनोद तिथेच राहिला.

"लागू पडंल गो. किती दिवस द्यायचं?"

"दहा."

"मंग डॉक्टरला इचार ना. चार दिवसात हे उठून बसले, तर उरलेली इंजेक्शनं घरी देतील काय? थोरल्या पोराच्या पायाला पण काल पत्रा लागलाय."