भिंतीखालची माणसं

मावशी : आधी चहा घे. ओरडून ओरडून घसा बसलाय तुझा.

भाचा : चहा प्यायला नाही आलो मी. ऊठ, चार कपडे पिशवीत भर आणि चल.

मावशी : रेल्वेचा साहेब म्हणून आलायस की भाचा म्हणून?

भाचा : तू म्हणशील तसं. पण चल. खाली रुळांवर माती आलीये, दोन्हीकडच्या गाड्या अडवल्यात. हा अख्खा उतार सरकतोय, मावशी, आणि तुझं घर अगदी काठावर आहे.

मावशी : एवढा पाऊस झाल्यावर माती यायचीच. दरवर्षी येते.

भाचा : मागचं दारही दरवर्षी अडकतं?

मावशी : लाकूड फुगलंय.

भाचा : चौकट वाकडी झालीये. आणि स्वयंपाकघरातल्या भेगेवर पोतं कोणी टाकलं?

मावशी : ...बघितलंस वाटतं.

भाचा : म्हणजे तुलाही कळलंय.

मावशी : कळून करू काय? वरच्या प्लॉटवाल्यांनी टेकडी खरवडली, झाडं पाडली, पाणी माझ्या अंगणात सोडलं. ते आरामात, आणि घर सोडायचं मी? तुझे काका गेल्यावर शिवणकाम करून एकेक भिंत उभी केलीये मी.

भाचा : खरंय तुझं. त्यांच्याशी मी भांडेन. पण आत्ता नको ना हट्ट करूस.

मावशी : मला एकटीला काय व्हायचं ते होऊ दे. माझ्यामागे रडायला कोण बसलंय?

भाचा : असं बोलवतं तरी कसं तुला? आई गेल्यापासून मला दुसरं कोण आहे?

मावशी : बरं बरं. पूस ते डोळे. ...आणि ही शिट्टी कसली? खाली कोण आहे?

भाचा : आमची गँग, रुळांवर काम करणारी माणसं. उतार अडवायला बांधलेल्या भिंतीखालचा चर उपसतायत.

मावशी : भिंतीखाली? उतार कोसळणार म्हणतोस, आणि पायथ्याशी माणसं उभी केलीस?

भाचा : मी नको म्हणत होतो, मुकादम ऐकेना. चर तुंबला की पाणी आत मुरतं आणि सगळं एकदम खाली येतं. म्हणाला, बाई वर आहेत तोवर आम्ही उपसतो.

मावशी : माझ्यासाठी?

भाचा : तू बाहेर पडलीस की लगेच बाजूला घेतो त्यांना.

मावशी : मेल्या, हे आल्या आल्या सांगायचं नाही? चहा काय विचारत बसले मी! राहू दे ती पिशवी. हात धर माझा. ...अहो, ऐकलंत का! व्हा बाजूला! निघाले मी, निघाले!

(दुसऱ्या दिवशी सकाळी, भाच्याच्या घरी.)

भाचा : मावशी, तुला एक सांगायचंय.

मावशी : गेलं ना घर? संध्याकाळी तो आवाज झाला तेव्हाच समजले मी.

भाचा : पुढची खोली तेवढी उभी आहे. बाकी सगळं रुळांवर.

मावशी : आणि ती माणसं?

भाचा : कधीच बाजूला झाली होती. कोणाला ओरखडाही नाही. आत्ता तिथूनच आलेत सगळे. जिन्यात उभे आहेत, वर यायला तयार नाहीत.

मावशी : का?

भाचा : मुकादम म्हणतो, बाईंचं घर काही राखता आलं नाही, आता कोणत्या तोंडानं समोर जाऊ.

मावशी : वेडा आहे का तो? सगळे धडधाकट आहेत ना? मग दगडविटांसाठी रडतंय कोण?

भाचा : तूच रडतेयस, मावशी.

मावशी : रडू दे मला. तू जा, त्यांना वर घेऊन ये. पाय चिखलाचे असले तरी चालतील म्हणावं.