चेतनाचा चहा बंद

घाटकोपर स्टेशनबाहेर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक बाप आणि त्याची शाळकरी मुलगी उभी होती.

"सरांनी कबड्डीच्या टीममधून काढलं म्हणून रडतेस, चेतना?"

"रडत नाहीये, पप्पा. विचार करतेय. डॉक्टर म्हणाले, रक्तात लोह कमी आहे, म्हणून मैदानात चक्कर आली."

"गोळ्या दिल्यात ना?"

"नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही म्हणाले. सकाळचं चहा-खारी बंद. चहामुळे लोह अंगाला लागत नाही."

"मग खाणार काय?"

"बाजरीची भाकरी आणि मटकीची उसळ, वर लिंबू पिळून. संध्याकाळी पालेभाजी."

"आई तर पहाटेच कामाला जाते. भाकरी कोण थापणार?"

"मी."

"तुला जमते?"

"अजून नाही. शिकेन."

"राहू दे, भाकरी मी थापतो. गावाला आजीजवळ बसून शिकलोय. तू उसळीचं बघ."

"पण तुमचा चहा उकळायला लागला की मला राहवणार नाही, पप्पा."

"मग घरात चहाच नको. सर तुला परत घेईपर्यंत मीही सोडला."

"चहा नसला की तुमचं डोकं दुखतं."

"दुखू दे. तू मैदानात उतर."