आईच्या चित्राची फ्रेम

...आन् वरून घरचे मलाच इचारायलेत, अण्णा, जेवण कामून सोडलाव! तुम्हाला सांगतो, आमच्या आईचा जगात एक फोटो न्हाई. भालकीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या आमच्या अप्पानं पाण्याच्या रंगात तिचं एकच चित्र काढलेलं, डोक्यावर पदर, हसू दाबलेलं. ती गेली तवा मी दोन वर्षांचा, म्हंजे मला आई ठावी ती तेवढीच, कागदावरची!

कागद पिवळा पडायला लागला तसा माझा जीव खालीवर. कुणी म्हणलं, गुलबर्ग्याला पंचाक्षरी म्हणून फ्रेमवाला हाय, जुन्या चित्रांचा डॉक्टरच. गेलो. त्यानं हातमोजे घातले आन् सुरू झाला... साध्या पुठ्ठ्यात आम्ल असतंय, ते कागद खातंय, हा पुठ्ठा बिनआम्लाचा. डिंक न्हाई, चिकटपट्टी न्हाई. काच उन्हाला अडवणारी, तीबी चित्राला टेकवायची न्हाई, मधी फट. "ऊन, धूळ, कसर... शंभर वर्षं काय होत न्हाई बघा!" आता शंभर वर्षं बघणार कोण? पर बरं वाटलं हो. भालकीपर्यंत बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो, लेकरावानी. शंभर वर्षं!

भिंतीवर टांगलो. अमावास्येला थोरली अक्का आली. आमच्यात अमावास्येला देवाचे, गेलेल्या माणसांचे फोटो ओल्या फडक्यानं पुसायचे, विभूती ओढायची, कुंकू लावायचं. मी बजावलो, अक्का, काचंवरूनच पूस. तिनं मान डोलावली. मी दूध आणायला गेलो... पाच मिंटं हो, पाचच!

येतो तर फ्रेम पालथी, मागचे खिळे उपसलेले, काच बाजूला, आन् अक्का चित्र मांडीवर घेऊन बसलेली. म्हणती कशी, "काचंला कुंकू लावलं तर आईला कसं पोचंल रे? मधी फट ठिवलंय की त्या मेल्यानं." फडकं हातात, निळं, गुलाबी. पदर गेला, डोळे गेले, हसू गेलं... राहिलं काय? विभूतीच्या तीन रेघा आन् कुंकू. ओरडू कुणावर? तिनं चित्राकडं बघितलं, फडक्याकडं बघितलं, आन् तीच रडायली, "धोंडप्पा, मी आईलाच पुसून टाकले रे."

दुसऱ्या दिवशी परत गुलबर्गा. पंचाक्षरीनं भिंग लावून लई येळ बघितलं. मी म्हणलो, कुंकू काढून खालचं काय निघतंय का? म्हणला, न्हाई अण्णा, खाली काय न्हाई. मग परत तोच पुठ्ठा, तीच काच, तीच फट, नवे खिळे मारला आन् माझ्या हातात दिला...

"कुंकवाला आता शंभर वर्षं काय होत न्हाई बघा."