खंडेनवमीस रोबोला घातलेल्या स्नानाबाबत

दि. ३/१०/२०२५

माझे नाव धैर्यशील माधव हेर्लेकर, वय ५४ वर्षे, व्यवसाय वार्ताहर, शिक्षण एम. ए. (संस्कृत), रा. शाहूपुरी, कोल्हापूर. विचारल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, मी एका स्थानिक दैनिकास गावोगावच्या शाळांच्या बातम्या देतो.

गडमुडशिंगी परिसरातील एका माध्यमिक शाळेस जूनमध्ये रोबोटिक्सचा संच मिळाला. तो खराब होऊ नये म्हणून मुख्याध्यापक श्री. कृष्णात मगदूम यांनी कपाटात कुलूपबंद ठेवला. कोडिंगचा तास फळ्यावर होत असे. 'भिंत आली तर डावीकडे वळ' ही आज्ञा मुलांनी वहीत दहा वेळा सुवाच्य अक्षरात लिहिल्याचे मी स्वतः पाहिले आहे. सप्टेंबरात जिल्हा स्पर्धेचे पत्र आल्यावर कुलूप निघाले आणि नववीतील शिफा अल्लाउद्दीन शिकलगार हिने संचातून चाकांचा रोबो तयार केला. तिच्या वडिलांचे गावात मोटार रिवायंडिंगचे दुकान आहे. स्पर्धा येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता आहे.

दि. १ रोजी खंडेनवमी होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेतील हत्यारांच्या पूजेची बातमी घेण्यास मी गेलो होतो. पाटावर शिपायाचे खोरे, प्रयोगशाळेची कात्री व मधोमध रोबो असे मांडले होते. पूजा सांगणारे गुरुजी आले नाहीत. श्री. मगदूम मला म्हणाले, "हेर्लेकर, तुम्ही संस्कृत शिकलायसा न्हवं? मग म्हणा की!"

मी मंत्र म्हटले. ओघात 'स्नानं समर्पयामि' असेही म्हटले. अशा वेळी यंत्रावर फुलाने थेंबभर पाणी शिंपडायचे असते, हे मला ठाऊक होते. मी ते सांगितले नाही. श्री. मगदूम यांनी रोबोवर तांब्या रिकामा केला. ते पूजा मनापासून करतात.

शिफा ओरडली, "सर, सर्किट बोर्डात पाणी गेलं! आत्ताच्या आत्ता खोलाय पायजे."

"पुजलेलं हत्यार दसऱ्यापतूर हलवायचं न्हाय. तुझ्या अब्बांस्नी इचार जा."

"अब्बा बी दुकानात पुजत्यात सर. पण आत पाणी गेल्यावर थांबत न्हाईत."

यानंतर सर्व शिक्षक चहास गेले.

पावणेअकराच्या सुमारास शिफाने चार स्क्रू काढून तळहाताएवढा बोर्ड सोडवला. रोबोचे बाकी अंग हळदीकुंकवासह पाटावरच राहिले, वरचे फूलसुद्धा पडले नाही. बोर्ड नेण्यास पिशवी माझी होती. स्कूटरही माझीच होती. तिच्या वडिलांनी तो मोटारींचे वॉर्निश वाळवायच्या बल्बखाली दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला. दसऱ्याच्या संध्याकाळी एक लहान मोटार जोडून पाहिली. ती फिरली. शिफा बराच वेळ बटण चालू-बंद करत राहिली.

आज सकाळी रोबो आतून रिकामा आढळल्याने श्री. मगदूम यांनी चोरीची तक्रार दिली व शिफावर संशय घेतला. बोर्ड नेल्याचे त्यांना त्याच दिवशी कळवण्याचे मी तिला कबूल केले होते. कळवले नाही. दसरा पुरवणीची घाई होती.

बोर्ड मी सोबत आणला आहे. हवालदार श्रीमती संयोगिता चौगले यांनी तो मुद्देमाल म्हणून सीलबंद करावा लागेल, असे सांगितले. श्री. मगदूम येथेच बाकावर बसले आहेत. त्यांनी मला विचारले, "चालतोय व्हय?" मी हो म्हटल्यावर ते उठून टेबलापाशी आले. "मग सील कशाला करतायसा बाई? पोरीला सोमवारी लागतोय की!"

श्रीमती चौगले म्हणाल्या, "सर, तक्रार तुम्हीच दिलीय. बोर्ड लिहून घेऊन परत देते, पण आता संशयिताचा रकाना मोकळा सोडता येत न्हाय. त्यात नाव असंल त्याला सोमवारी सकाळी इथं यावं लागतंय."

तरी विनंती की, त्या रकान्यातील शिफाचे नाव खोडून माझे लिहावे. सोमवारी सकाळी मला कोठे जायचे नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करतो.

(सही) धै. मा. हेर्लेकर